नऊ हिरवे ठिपके

दूध करपलं होतं, हे कोणी नाकारत नव्हतं. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, स्वयंपाकघरात धूर कोंडला होता आणि वास जिन्यातून थेट तळमजल्यावर पोचला होता. ऑपरेटरबाईंचं म्हणणं एवढंच होतं की, दूध गॅसवर असताना त्या ज्या फोनवर पाऊण तास बोलत होत्या तो फोन त्यांच्या मुलानंच केला होता, तेव्हा या प्रकरणातला निम्मा वाटा त्यानं उचलायला हवा. पण बोलता बोलता त्यांना ठसका लागला, मुलानं "आई, काय झालं?" असं विचारलं, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही ग्राहकाला चुकीची माहिती न दिलेल्या बाईंनी खरं ते सांगून टाकलं.

मुलानं दुसऱ्याच दिवशी निकाल सुनावला. तो दूरच्या शहरात, अकराव्या मजल्यावर, बायको आणि सहा वर्षांच्या मुलीबरोबर राहत होता. "आई, आता बास. तू आणि बाबा इकडे या. खोली तयार आहे. तिकडचं घर पहिल्या तारखेपासून भाड्यानं देऊ. माणूस बघून ठेवलाय मी."

"आणि मी तिथे येऊन काय करू?"

"काही करायचं नाही. आराम करायचा."

मुलाकडे जायला बाईंची ना नव्हती, पण पाहुणी म्हणून. सांभाळून ठेवलेली वस्तू म्हणून नव्हे. चौतीस वर्षं त्या या घरात राहत होत्या. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते त्या न बघता सांगत. इथून जायचं या कल्पनेनंच त्यांना रडू येत होतं, आणि रडू आलं की त्या चिडत.

चिडलेल्या बाईंशी दोन दिवस फोनवर घासाघीस झाली आणि मुलानं अट घातली. ठीक आहे, या महिन्यात घर जोडून घ्या. दाराचं कुलूप, घंटा, हॉलचा दिवा, खोलीचा दिवा, बाल्कनीचा दिवा, पंखा, गिझर, गॅस आणि हॉलमध्ये एक कॅमेरा. नऊ वस्तू. प्रत्येक वस्तू जोडली गेली की त्याच्या फोनवर एक हिरवा ठिपका येणार होता. शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता तो तिकडून सगळं चालवून बघणार. नऊ ठिपके हिरवे असले आणि वस्तू चालल्या, तर राहा तिथेच. नाहीतर पहिल्या तारखेला सामान बांधायचं.

"जोडणं म्हणजे काय, हे हा मला शिकवतो?" फोन ठेवून बाई नवऱ्याला म्हणाल्या. "अख्खं शहर जोडत होते मी."

हे खरंच होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बोर्डावर दिवा लागला की पिन घालायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, "थांबा, देते" म्हणायचं आणि जोडून द्यायचं. ट्रंक कॉल असला की तीन मिनिटांनी "वाढवून देऊ का?" असं विचारायचं. मनात आणलं असतं तर कोणाचंही बोलणं ऐकता आलं असतं. बाईंनी कधी ऐकलं नाही. नियम त्यांनी मोडला तो एकच. मुलगा शाळेत असताना अडीच वाजता घरी येऊन रिसीव्हर उचलायचा. बाई ड्युटीच्या आवाजात "थांबा, देते" म्हणायच्या आणि कुठेही न जोडता, आवाज खाली आणून विचारायच्या, "जेवलास?" तो "हो" म्हणायचा. तेवढाच काय तो सरकारी तारेचा गैरवापर.

त्यांचे यजमान चित्रकलेचे शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्तीनंतर मास्तरांचा कशालाच विरोध राहिला नव्हता. दुपारची झोप मिळाली की ते अकराव्या मजल्यावरही सुखानं राहिले असते आणि विहिरीतही. पण बायकोचा चेहरा त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "मी काय करू ते सांग." लग्नानंतर हे वाक्य त्यांनी फार वेळा म्हटलं होतं अशातला भाग नव्हता, त्यामुळे बाईंना बळ आलं.

बातमी समोरच्या दारात पोचायला अर्धा तास लागला. समोर राहणारे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना सगळंच कळायला लागलं होतं. इमारतीत त्यांना 'सर्वज्ञ' म्हणत, अर्थात मागे. ते चहाच्या वेळेला आले.

"वायर कशाला आणताय, ऑपरेटरबाई?" सर्वज्ञ म्हणाले. "आता सगळं हवेतून चालतं."

"हवेतून वास येतो," बाई म्हणाल्या. "बाकी सगळ्याला तार लागते."

"तुमचा काळ वेगळा होता हो."

"माझ्या काळात तुमच्या साखरपुड्याचा ट्रंक कॉल मीच लावून दिला होता. तो लागला की नाही?"

सर्वज्ञांनी दुसरं बिस्किट उचललं आणि विषय बदलला. तरीही जाता जाता त्यांनी चार सल्ले दिलेच: कुलूप डाव्या बाजूला नको, कॅमेरा उंच नको, कॅमेरा खाली तर अजिबातच नको, आणि माझ्या भाच्याला विचारल्याशिवाय काहीही करू नका. भाचा नक्की काय करतो ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

मुख्य तार जिन्यातून घरात यायची तर जिन्याच्या भिंतीला भोक पाडावं लागणार होतं. जिन्याची भिंत सगळ्यांची, आणि भोक एकट्या बाईंचं. म्हणून त्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरी तत्त्वाचे होते. ते म्हणाले, अर्ज हवा. बाई म्हणाल्या, द्या. ते म्हणाले, भोकाचा अर्ज आपल्याकडे नाही, कारण आजवर कोणी परवानगी घेऊन भोक पाडलेलंच नाही. आपल्याकडे दोनच अर्ज आहेत, एक खिडकीला जाळी बसवण्याचा आणि दुसरा कुत्रा पाळण्याचा.

"जाळीचा द्या."

"जाळीचे संपलेत."

बाईंनी कुत्र्याचा अर्ज घेतला. हसू नये, अशा प्रसंगी माणसाचा कणा दिसतो. घरी येऊन चष्मा लावून त्यांनी तो सुवाच्य अक्षरात भरला. प्राण्याचा प्रकार: इंटरनेट. रंग: तार काळी, डबा पांढरा. जिन्यात बांधला जाईल काय: होय. रात्री आवाज करतो काय: नाही. चावतो काय, या प्रश्नापाशी त्या जरा थांबल्या आणि 'योग्य काळजी घेतल्यास नाही' असं त्यांनी लिहिलं. सोबत भोकाचा नकाशा जोडणे आवश्यक होतं. हे काम मास्तरांकडे गेलं आणि तिथे चार दिवस गेले.

मास्तरांनी नुसता नकाशा काढला नाही. त्यांनी जिना काढला. खिडकीतून येणारा उजेड काढला, कठड्याची सावली काढली, भिंतीचे पोपडे तर असे काढले की हात लावून बघावंसं वाटावं. खालच्या पायरीवर एक मांजर होतं. भोक मात्र नव्हतं.

"अहो, भोक कुठंय?"

"ते काढलं तर चित्राचा तोल जातो गं," मास्तर कळवळून म्हणाले.

अखेर बाईंनी स्वतःच्या हातानं पेन्सिलीनं भोक काढलं आणि मास्तर त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. सेक्रेटरींनी चित्र पाहिलं, मान डोलावली, "मांजराचा वेगळा अर्ज लागेल," असं म्हणाले, आणि ते मांजर फक्त कलेपुरतं आहे असं लेखी मिळाल्यावर त्यांनी सही केली. ते चित्र त्यांच्या ऑफिसात आजही लावलेलं आहे.

महिन्याचे अकरा दिवस गेले होते आणि अजून एकही ठिपका हिरवा नव्हता.

मग इंटरनेट कंपनी. बाईंनी तिथे फोन लावला तेव्हा एका छापील आवाजानं त्यांचा कॉल किती महत्त्वाचा आहे ते सांगितलं आणि सनई लावून दिली. बाई चाळीस मिनिटं सनई ऐकत होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी एका ग्राहकाला एवढं ताटकळत ठेवलं असतं, तर मोठ्या साहेबांनी त्यांना उभं केलं असतं. शेवटी एक खरी मुलगी बोलायला लागली.

"मॅडम, तुमच्या रजिस्टर्ड नंबरवर कोड पाठवलाय. तो सांगा."

बाईंनी मोबाईल बघितला. काही नव्हतं. "कुठला नंबर आहे तुमच्याकडे?"

मुलीनं नंबर सांगितला. तो घरातल्या जुन्या, गोल तबकडीच्या फोनचा होता. तो फोन कोपऱ्यात स्टुलावर क्रोशाच्या रुमालाखाली बसला होता आणि अजून चालू होता, कारण तो बंद करणं बाईंच्या जिवावर येत होतं.

"अगं बाळ, त्या फोनवर अक्षरं येत नाहीत. तो फक्त वाजतो."

"मॅडम, सिस्टीम तिथेच पाठवते."

"मग सिस्टीमला सांग, बोलून सांग म्हणावं."

"सिस्टीम बोलत नाही, मॅडम."

"मग एवढा वेळ माझा कॉल महत्त्वाचा आहे असं कोण म्हणत होतं?"

बाईंना वाटलं, बिचारीला उगाच बोलले. त्यांनी विचारलं, "पाठ दुखते का गं तुझी? आवाज पोटातून येत नाहीये. खुर्चीच्या मागे उशी घे आणि दर तासाला मान फिरव." पुढची दहा मिनिटं त्या मुलीनं ड्युट्या, पाठ आणि सुपरवायझर यांच्याबद्दल सांगितलं. एकमेकींना चटकन समजत होतं. त्यानंतर नंबर बदलून देण्याचं काम, ज्याला एरवी सात दिवस लागतात, ते कसं कोण जाणे पाच मिनिटांत झालं.

पंधराव्या दिवशी वायरमन आले. हे बाईंच्याच वयाचे, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. इमारतीतलं सगळं काम तेच करत. त्यांनी हॉलमधलं स्विचबोर्डाचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारली आणि कपाळाला हात लावला.

"हे कोणी केलंय, बाई? कोण गाढव होता?"

"तुम्हीच केलंत. मुलाच्या बारावीच्या वर्षी."

वायरमननी पुन्हा टॉर्च मारली. "तसं वाईट नाही," ते म्हणाले.

पण कोणती तार कुठे जाते ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी एक लाल तार धरून ओढली. ती येत राहिली. हातभर आली, दोन हात आली, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी "आमची घंटा का वाजतेय?" असं ओरडलं. हिरवी ओढली तेव्हा सर्वज्ञ बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं की भाच्याला विचारलं असतं तर हे झालं नसतं.

तेव्हा बाईंनी कंबर कसली. "व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. त्यांनी वायरमनना जिन्यात उभं केलं, मास्तरांना बाल्कनीत, आणि स्वतः बोर्डापाशी बसून एकेक तार तपासायला घेतली. "हॅलो, बाल्कनी? दिवा लागला का?" "लागला!" "ठीक आहे, सोडते." प्रत्येक तारेला त्यांनी कापडी पट्टी लावली, पट्टीवर नंबर घातला, आणि सगळ्या तारांची जुडी मेणाच्या दोऱ्यानं एक्स्चेंजमधल्यासारखी बांधली, गाठी एका ओळीत. वायरमन आधी फुगून बसले होते. जुडी बघितल्यावर त्यांनी दोन्ही चष्मे लावले. "बाई, हे मला शिकवा," ते म्हणाले. मानापमानाचा प्रश्न तिथे मिटला.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मुलाच्या फोनवर नववा ठिपका हिरवा झाला. रविवारला अजून दहा दिवस होते. मास्तरांनी स्वतःच्या हातानं चहा केला. बाईंनी मोबाईलवर बोट ठेवून दिवा लावला, विझवला, लावला. समोरून सर्वज्ञ आले, त्यांनीही लावला, विझवला, आणि भाच्यानंही असंच केलं असतं असं मान्य केलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मुलाचा फोन मुलाकडेच राहतो, असं सगळ्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पंखा बंद पडला. मग बाल्कनीचा दिवा लागला, भर उन्हात. मग घंटा वाजली, बाई दारापाशी गेल्या, बाहेर कोणी नव्हतं, पण त्यांच्या देखत कुलूप 'टिक' करून आपोआप उघडलं. मग हॉलचा दिवा इतक्या वेळा लागला-विझला की बाईंनी डोळे झाकून घेतले. "अहो!" त्या ओरडल्या. मास्तर तेव्हा आंघोळ करत होते आणि गिझरनं अचानक त्यांना उकळतं पाणी दिलं होतं. ते टॉवेल गुंडाळून तसेच हॉलमध्ये धावत आले.

"आजोबा," कॅमेऱ्यातून आवाज आला, "टॉवेल सुटतोय!"

नात होती. शाळेला सुट्टी म्हणून बापानं तिला ऑफिसात नेलं होतं आणि गप्प बसावं म्हणून फोन हातात दिला होता. नऊ हिरवे ठिपके तिला खेळण्यासारखे वाटले. ही सगळी हकिगत बाईंना नंतर कळली. त्याहून वाईट गोष्ट आणखी नंतर कळली. मुलाचा फोन त्या वेळी मीटिंगच्या खोलीतल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला होता आणि समोर चौदा माणसं बसली होती. त्यांतल्या एकानं नंतर मुलाला सांगितलं की तुझ्या वडिलांची तब्येत छान आहे.

मास्तर दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाहीत. मुलानं माफी मागितली, नातीला दटावलं, फोनला कुलूप घातलं. पण बाईंचं मन उडालं होतं. चूक पोरीची नव्हती. एवढी वर्षं त्या लोकांच्या तारांमध्ये बसल्या आणि कोणाच्या घरात कधी डोकावल्या नाहीत. आता त्यांच्या घरात मात्र कोणीही, केव्हाही, न विचारता येणार. वाजवायचं नाही, थांबायचं नाही, "मोकळ्या आहात का?" असं विचारायचं नाही. त्यांना फार अपमान वाटला. आणि सगळं काढून टाकावं म्हटलं, तर पहिल्या तारखेला सामान बांधायचं.

दोन दिवस त्यांनी मोबाईलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनना बोलावलं.

"या खेपेला घरात ऑपरेटर हवा," त्या म्हणाल्या.

वायरमनना समजावून घ्यायला दोन कप चहा लागला. कल्पना सोपी होती. मुलानं तिकडे बटण दाबलं की इकडे पंखा बंद होता कामा नये. इकडे फक्त एक छोटा दिवा लागेल. तो बाईंना दिसेल. बाई पिन घालतील. मग पंखा बंद होईल.

"बाई, लोक हाताचं काम मशीनला देतात. तुम्ही मशीनचं हाताला देताय."

"मशीनला काही म्हणत नाही मी. पण मध्ये मी बसणार."

फळीचा प्रश्न मास्तरांनी सोडवला. त्यांनी आपला ड्रॉइंग बोर्ड आणून दिला, ज्याला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. "तो टॉवेलवाला प्रकार पुन्हा नको," एवढंच ते म्हणाले. बोर्ड पॅसेजमध्ये भिंतीला लागला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी. त्यावर सात छोटे दिवे, सात भोकं, सात पिना. कॅमेऱ्यासमोर पावडरच्या डब्याचं झाकण टांगलं आणि त्याला दोरी बांधून ती पॅसेजपर्यंत आणली. तिकडून कोणी बघायला लागलं की कॅमेऱ्याचा लाल दिवा भिंतीवरच्या आरशात दिसे. बाई घरातल्या माणसाचे कपडे बघत आणि मग दोरी ओढत.

गॅसची तार मात्र त्यांनी सरळ सोडली. तिथे दिवा नाही, पिन नाही, मध्ये कोणी नाही. वायरमननी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथे माझा मलाच भरवसा नाही." हे म्हणताना त्यांना वाईट वाटलं, पण म्हणाल्या.

मुलाच्या फोनवर नऊच्या नऊ ठिपके हिरवेच होते. ठिपक्याचं काम फळीपर्यंत पोचलं की संपत होतं, पुढचं बाईंचं. यात खोटं काही नाही, असं त्यांनी स्वतःला तीनदा समजावलं. त्यानं घर जोडायला सांगितलं होतं, घर जोडलेलं होतं. मध्ये ऑपरेटर आहे का, हे त्यानं विचारलेलं नव्हतं.

रविवारी पावणेदहालाच मास्तर इस्त्रीचा सदरा घालून पंख्याखाली खुर्चीत बसले. हातात वर्तमानपत्र. त्यांना बजावून ठेवलं होतं की काही झालं तरी पॅसेजकडे बघायचं नाही, त्यामुळे ते सारखे तिकडेच बघत होते. फोन त्यांच्या शेजारी, स्पीकरवर. पॅसेजमध्ये बाई ताठ बसल्या होत्या. सातही पिना त्यांनी पदरानं पुसून ठेवल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या दिवशीही एवढ्या पुसल्या नव्हत्या.

दहा वाजता फोन वाजला. आरशात लाल ठिणगी दिसली. बाईंनी दोरी ओढून खिळ्याला अडकवली.

"बाबा, दिसताय," मुलगा म्हणाला. "आई कुठंय?"

"आहे आतच. कामात आहे," मास्तर म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

"बरं. हॉलचा दिवा."

फळीवर तिसरा दिवा लागला. बाईंनी पिन घातली. खट्ट. हॉल उजळला.

"लागला! पंखा."

खट्ट. पंखा थांबला. कुलूप, घंटा, बाल्कनी, गिझर, खोली. खट्ट, खट्ट. बाईंचा हात बसला. इतकी वर्षं झाली तरी बोटं काही विसरली नव्हती आणि त्यांना आतून फार बरं वाटायला लागलं. गॅस त्यानं तिकडूनच बंद करून बघितला; त्याला बाईंनी हात लावला नाही.

"अरे वा," मुलगा म्हणाला. "थोडं हळू चालतंय, पण चालतंय. आता एकदम सगळं दाबून बघतो."

फळीवर सातही दिवे एकदम लागले. एक्स्चेंजमध्ये सणासुदीला बोर्ड असा पेटायचा. बाईंनी पंखा जोडला, दिवा जोडला, कुलपाची पिन हातातून निसटली, गिझरची बाल्कनीत गेली, घंटा वाजायला लागली ती थांबेना, आणि त्या गडबडीत, चांगल्या मोठ्या, स्पष्ट, ड्युटीच्या आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"थांबा, देते!"

घंटा थांबली. हॉलमध्ये मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं.

"आई," मुलगा म्हणाला, "तू बोर्डावर बसलीयस?"

नाही म्हणता आलं असतं. टीव्ही आहे म्हणता आलं असतं. बाईंनी हातातली पिन खाली ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या.

"नऊच्या नऊ?"

"सात. कॅमेऱ्याला दोरी आहे. तू बघायला लागलास की मी बघते, मग सोडते." त्या उठून हॉलमध्ये आल्या आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "आणि गॅस सरळ तुझ्याकडे येतो. तिथे मी मध्ये नाही. दुधाचं माझं चुकलं होतं. पण बाकी घरात यायचं तर वाजवून ये रे. आधी विचारून ये. एवढंच. आता पहिल्या तारखेचं काय ते तू सांग."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. जिन्यात सर्वज्ञांच्या चपला थांबलेल्या बाईंना ऐकू आल्या.

"अकराव्या मजल्यावरून बोलतोय," मुलगा म्हणाला. "जरा घरी जोडून द्या."

बाईंनी मास्तरांच्या शेजारचा फोन उचलला. मग पॅसेजमध्ये जाऊन खुर्चीवर बसल्या.

"कोणाशी बोलायचंय?"

"आईशी."

"थांबा, देते." त्यांनी खिळ्यावरची दोरी सोडली. झाकण कॅमेऱ्यावर पडलं. त्यांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि आवाज खाली आणून विचारलं, "जेवलास?"

"नाही अजून. आई, त्या दिवशी तू खोकत होतीस ना, तेव्हा मी इथे नुसता उभा होतो. मला काही करता येईना. फार घाबरलो गं मी. त्या भाडेकऱ्याला आज नाही सांगतो. पण रोज सात वाजता मी फोन करणार, आणि पहिलं विचारणार, गॅसवर काही आहे का."

"विचार. खरं तेच सांगेन."

"ते माहितीये."

मग तो बोलत सुटला. नातीचा पुढचा दात पडला होता आणि तो तिनं कोणालाच दिला नव्हता. ऑफिसातले चौघे अजून बाबांची चौकशी करत होते. अकराव्या मजल्यावर हवा चांगली येते, पण जिन्यात कोण आलं ते कधीच कळत नाही. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची नजर सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "वाढवून देऊ का?"

"वाढव," तो म्हणाला.